भर उन्हातला पतंग

सोलापूरहून नान्नज अवघे वीसेक किलोमीटर. तिथे माळढोकाचे अभयारण्य आहे. १९७९ साली ते जाहीर झाले. गेली वीस वर्षे मी या जिल्ह्यात मराठी शिकवतो आहे आणि या वीस वर्षांत नान्नजच्या माळावर मी एकदाही माळढोक पाहिलेला नाही. आधी ‘जाऊ की, इथेच तर आहे!’ म्हणून गेलो नाही, आणि जाऊ लागलो तेव्हा पक्षीच उरले नव्हते. आता देशभरात मिळून ते दीडशेच्या आत आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटात. तेव्हा घराशेजारचा पक्षी पाहण्यासाठी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दीड हजार किलोमीटर जायचे ठरवले.

आम्ही म्हणजे मी, सौ., आणि आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. या गृहस्थांना सारे कॉलेज ‘डॉक्टर’ म्हणते. पीएच.डी. झालेले आमच्याकडे आणखी आठ-दहा आहेत, पण त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नाही. डॉक्टरांच्या गळ्यात कायम दुर्बीण, खिशात भिंग आणि पिशवीत चिवडा. प्रवासाला याहून चांगला सोबती शोधून सापडणार नाही. सौ.ना माळढोकात फारसा रस नव्हता. त्यांना किल्ला पाहायचा होता आणि बांधणीच्या साड्या घ्यायच्या होत्या. दोन्ही झाले, हे इथेच सांगून टाकतो.

पुण्याहून जोधपूर आणि तिथून जैसलमेर. रात्रीच्या गाडीने जाऊ नये. पोकरण, रामदेवरा ही ठाणी मागे पडत जातात तसतशी झाडे बुटकी होतात, मग झुडपे होतात, मग तीही एकमेकांपासून फटकून उभी राहतात. हे सारे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. किल्ल्याविषयी मी लिहीत नाही. ११५६ साली रावळ जैसल याने तो वसवला, पिवळ्या दगडाचा आहे, संध्याकाळी सोन्यासारखा दिसतो आणि त्याच्या आत अजून माणसे नांदतात, दोऱ्यांवर धुणी वाळत घालतात. त्याचे वर्णन इतक्यांनी इतक्यांदा केले आहे की मला वेगळे सांगण्याजोगे काही दिसले नाही. सौ.चे मत निराळे आहे.

राष्ट्रीय मरु उद्यान जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर सुरू होते. १९८० सालचे हे उद्यान, क्षेत्र तीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, कारंजे आणि भेळेची गाडी येते. इथे आहे ते सेवण नावाचे गवत, खेजडीची झाडे, केराची काटेरी जाळी, आणि वाळू. वाळूदेखील चित्रपटातल्यासारखी डोंगराडोंगराची नाही. तसल्या टेकड्या सम गावापाशी आहेत आणि त्यांवर उंटापेक्षा प्रवासीच जास्त. बाकी सारा मुलूख खडकाळ, गवताळ, उघडा. आमच्या माढा-करमाळ्याकडच्या माळाची आठवण यावी असा. मला तर पहिल्या तासाभरात परक्या मुलखात आल्यासारखे वाटलेच नाही.

आमचा जीपवाला जवळच्याच एका ढाणीतला होता. पन्नाशीचा माणूस, डोक्याला केशरी साफा, बोलणे मोजके. त्याने सुदासरीच्या वाटेवर सकाळी नऊच्या सुमारास जीप थांबवली, कारण पुढच्या चाकात हवा कमी वाटत होती. डॉक्टर दुर्बीण लावून क्षितिज धुंडाळू लागले. मी पाय मोकळे करायला उतरलो.

रस्त्याकडेला गुडघ्याएवढी झुडपे होती. पाने जवळजवळ नाहीतच. नुसत्या हिरवट-करड्या काड्यांचा गुंता, जणू कोणी खराटा उलटा रोवून ठेवला आहे. पण त्या काड्यांवर लहान पिवळी फुले होती, पाकळ्यांवर तांबूस रेघा. फूल ओळखीचे वाटले. मी वाकून पाहिले आणि चालताना माझा पाय झुडपाला लागला, तसे त्यातून पांढरे काहीतरी भिरभिरत उठले, चार हात गेले आणि पुढच्या झुडपावर बसले. मी मागे गेलो. पुन्हा उठले, पुन्हा चार हात. असा तिसऱ्या झुडपाशी तो मला नीट दिसला.

पुढचे पंख दुधी पांढरे. त्यांवर शेंदरी-लाल ठिपके आणि मधून मधून काळ्या टिकल्या, एखाद्या खेड्यातल्या म्हातारीने हौसेने भरलेल्या गोधडीसारख्या. उडाला की मागचे पंख दिसत : पांढरे, आणि कडेला ओबडधोबड काळी किनार. बसला की हे सारे मिटून अंगाभोवती गुंडाळून घेई आणि एखाद्या बारीक सुरळीएवढा उरे. पंखांची पसर असेल दीड इंच. ऊन चांगले तापले होते आणि हा त्या उन्हात बसून होता.

“सुंदर फुलपाखरू आहे,” मी डॉक्टरांना हाक मारून म्हटले.

डॉक्टर आले. भिंग काढले. “फुलपाखरू नाही, पतंग आहे,” ते म्हणाले. “युटेथेसा पुल्केला. लिनीअसने १७५८ साली नाव दिलंय. पुल्केला म्हणजे छोटी सुंदरी. मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते. याच्या साध्या दोऱ्यासारख्या आहेत.”

“पण हा तर दिवसा उडतोय!”

“उडतात काही. हा रात्री दिव्यावरही येतो. पण दिवसा उडायला त्याला कुणाची भीती नाही. आपल्याकडेही आहे की हा. तागावर.”

‘तागावर’ हा शब्द ऐकला आणि मी रस्त्यावरच खाली बसलो. सौ.ना वाटले मला उन्हाने भोवळ आली. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यायलो. ते बरेही वाटले. पण मला भोवळ आली नव्हती.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी ‘दिवा आणि पतंग’ या जुन्या दृष्टान्तावर पोरांकडून निबंध लिहून घेतले होते. आपल्या कवितेत पतंग म्हटला की त्याने दिव्यावर झेप घ्यायची आणि जळून जायचे. मी दरवर्षी हेच शिकवत होतो आणि बरे शिकवत होतो. त्या गठ्ठ्यात मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या पोराचा निबंध होता. अक्षर गिचमिड, शुद्धलेखनाच्या नावाने शंख. पण त्यात त्याने लिहिले होते की कवींचा पतंग रात्री दिव्यावर येतो हे खरे, पण आमच्या तागावर जो पांढरा-लाल पतंग येतो तो भर दुपारी येतो, त्याला दिव्याचे काही पडलेले नसते, आणि तो कधी कशावर जीव देताना मी पाहिलेला नाही.

मी तांबड्या शाईने लिहिले : ‘विषयांतर. पतंग निशाचर आहे. येथे फुलपाखरू म्हणावयाचे आहे काय?’ तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण वर्गात मी तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. वाचण्याची माझी एक लकब आहे. विद्यार्थ्यांना ती आवडते. वर्ग हसला. तास संपल्यावर पोरगा टेबलापाशी आला. “सर, फुलपाखराच्या मिशीला गाठ असती. याच्या नसती,” तो म्हणाला. मी म्हणालो, “प्राणिशास्त्राचा विभाग शेजारच्या इमारतीत आहे.” जवळ उभी असलेली दोन-तीन पोरे पुन्हा हसली.

दुसऱ्या वर्षाच्या हजेरीपटात त्याचे नाव नव्हते. पहिल्या वर्षानंतर गळणारी पोरे आमच्याकडे पुष्कळ. कुणाचा बाप आजारी, कुणाच्या बहिणीचे लग्न. मी चौकशी केली नाही.

हे मी तिथे कुणाला सांगितले नाही. चाकात हवा भरून झाली होती.

त्या रात्री आमचा मुक्काम जीपवाल्याच्याच ढाणीवर होता. गोल झोपडी, भिंती मातीच्या, वर गवता-काडीचे छप्पर. छपराकडे बोट दाखवून मी विचारले, हे कशाचे? “खींप और सिणिया, साब,” तो म्हणाला. सिणिया म्हणजे सकाळचे तेच पिवळ्या फुलांचे झुडूप. त्याच्या सालीच्या वाखाचा ते लोक दोर वळतात, छप्पर शाकारतात, आणि वाऱ्याबरोबर पळणारी वाळू त्याच्या मुळांशी थबकते. फूल मला ओळखीचे का वाटले ते आता कळले. सिणिया ही आपल्या तागाची सख्खी चुलतबहीण, एकाच प्रजातीतली. आपल्याकडे पोरे ज्याच्या वाळक्या शेंगा कानाशी वाजवतात ते खुळखुळ्याचे झाडही याच कुळातले. ताग आपल्या काळ्या रानात डोक्याएवढा होतो. इथे वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. तेव्हा या बहिणीने पाने टाकून दिली आणि काड्यांवर संसार केला.

अंगणात खाटा टाकल्या होत्या. थंडी पडू लागली होती. डॉक्टरांनी चिवड्याची पिशवी उघडली आणि त्यांना कंठ फुटला. ते जे बोलले त्यातले मला समजले तेवढे सांगतो.

या सगळ्या कुळाच्या अंगात विष आहे. पानांत थोडे, बियांत फार. गुरांनी खाल्ले तर त्यांचे यकृत बिघडते, आणि माणसांचेही. १९७५च्या सुमारास सरगुजा जिल्ह्यात (तेव्हा तो मध्य प्रदेशात होता, आता छत्तीसगडात आहे) बारीक धान्यात याच जातीच्या एका रानझुडपाचे बी मिसळले गेले, आणि ते खाऊन माणसांची पोटे पाण्याने फुगली, कित्येक दगावली. असल्या या विषावर आमच्या सुंदरीची अळी वाढते. तिला ते बाधत नाही. उलट ती ते अंगात साठवते. अळीचा कोश होतो, कोशातून पतंग निघतो, पण विष जिथल्या तिथे राहते. मग पक्ष्याने याला चोचीत धरावे, तोंड कडू करून घ्यावे आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. ते लाल ठिपके नटण्यासाठी नाहीत. ती पाटी आहे, ‘सावधान’ म्हणून लावलेली. आणि पाटी अंधारात कोण वाचणार? म्हणून हा उजेडात फिरतो.

“अमेरिकेत याची एक बहीण आहे,” डॉक्टर म्हणाले. “तिच्यावर टॉमस आयस्नर नावाच्या माणसाने जन्म घालवला.” हे आयस्नर जन्माने बर्लिनचे, लहानपण उरुग्वेत गेले, आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक झाले, २०११ साली वारले. त्यांनी फ्लोरिडात पाहिले ते असे : हा पतंग एका मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात अडकला. कोळी धावत आला, त्याने पतंगाला चाचपले, आणि खाण्याऐवजी त्याच्याभोवतीचे धागे एकेक करून तोडून टाकले. पतंग सुटला आणि उडून गेला. कोळ्याने आपल्या हाताने जाळे तोडून भक्ष्याला वाट करून द्यावी, हे मी कुठल्याही पुराणात वाचलेले नाही. आयस्नरांनी मग अळ्यांना खुळखुळ्याऐवजी बिनविषारी खाद्य घालून वाढवले आणि ते पतंग कोळ्याला दिले. कोळ्याने ते खाल्ले.

याच्याही पुढची हकिगत आहे, आणि तिच्यात सौ.ना प्रथमच गोडी वाटली. नराच्या अंगाशी केसांचे दोन झुबके असतात. मादीपाशी आला की तो ते बाहेर काढतो. त्यांना वास असतो, आणि तो वास त्याच विषापासून बनलेला असतो. ज्याने लहानपणी विष भरपूर खाल्ले त्याचा वास दाट. मादी वास घेऊन नर निवडते. मीलनात नर तिला आपल्या बीजाबरोबर विषाचाही वाटा देतो, आणि ती तो आपल्या अंड्यांना देते, म्हणजे मुंग्यांनी आणि किड्यांनी अंडी खाऊ नयेत. आयस्नर आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ मित्र जेरल्ड माइनवाल्ड यांनी हे सारे एकेक पायरीने शोधून काढले.

“म्हणजे जावयानं आधी आपली कमाई दाखवायची,” सौ. म्हणाल्या. “आणि ती पोरांच्या नावावर करायची. बरी रीत आहे.”

डॉक्टरांचे घोरणे सुरू झाले तरी मी जागाच होतो. आभाळात इतके तारे होते की त्यांची लाज वाटावी. मला सारखे वाटत होते, आठ वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीत मीच गेलो असतो तर? पाच मिनिटांची वाट होती. मधे एक नळ आणि सायकल-स्टँड.

दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टर आणि सौ. जीपमधून माळढोक पाहायला निघाले. मी म्हटले, मी इथेच थांबतो. ढाणीमागच्या उतारावर सिणियाची दाट झाडी होती. तिथे मी एका झुडपापाशी बसकण मारली. सकाळी गारठ्यात पतंग दिसत नव्हते; काडीला चिकटून सुरळ्या होऊन बसले होते, आणि पांढरा पंख उन्हाआधीच्या उजेडात वाळक्या सालीसारखा वाटत होता. ऊन अंगावर आले तसे एकेक हलू लागले. साडेआठच्या सुमारास पाच-सहा उडत होते. उडणे म्हणजे फार मोठे नाही. फुलावर टेकायचे, सोंड घालायची, उठायचे. आपल्याला कुणी धरील या भीतीने ज्यांचे जगणे बांधलेले असते त्यांचे उडणे वाकडेतिकडे असते. याचे तसे नाही.

एका फुगीर शेंगेला भोक दिसले. मी ती चिमटीत धरून उघडली. आत अळी होती. करडी, अंगावर विरळ केस, पाठीवर पांढरी रेघ आणि प्रत्येक पेराला नारिंगी पट्टा. डोके बियात खुपसलेले. मी शेंग तशीच मिटायचा प्रयत्न केला. ती मिटेना. मग मी अळीला शेजारच्या शेंगेवर ठेवले. तिने ती हुंगल्यासारखे केले आणि चालू लागली.

हा पतंग एका ठिकाणचा नव्हे. आफ्रिका, भूमध्य समुद्राचे काठ, अरबस्तान, आपला देश, सगळीकडे तो आहे. अंड्यापासून पतंगापर्यंत त्याला एखादा महिना पुरतो. वाळवंटात पाऊस पडला, झुडपे फुटली, की पिढीमागून पिढी निघते. सारे वाळू लागले की पतंग वाऱ्यावर निघून जातात. कधी कधी दक्षिणेचा वारा लागून ते थेट इंग्लंडच्या किनाऱ्याला पोचतात, आणि तिथले हौशी लोक त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहतात. ज्याला आमच्या शेतात कीड म्हणतात त्याची तिकडे ही मिजास!

दहाच्या सुमारास जीप परतली. लांबूनच सौ. हात हलवत होत्या. त्यांना माळढोक दिसला होता. एक नव्हे, दोन. गवतातून मान उंच काढून सावकाश चालत गेले म्हणे, एखाद्या जुन्या हेडमास्तरांसारखे. डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. ते काही बोलले नाहीत; फक्त दूरच्या विजेच्या तारांकडे आणि पवनचक्क्यांच्या रांगेकडे बोट दाखवले. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो उडता उडता तारांवर आपटून मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने या तारांत लक्ष घातले, तेव्हापासून त्यांवर वाद चालू आहे. आमचा जीपवाला तारांविषयी काही बोलला नाही; त्याला ओरणाची काळजी होती. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले गवताळ रान, तिथे कुऱ्हाड चालत नाही आणि गावाची गुरे चरतात. त्यांतल्या पुष्कळ जमिनी सरकारी कागदावर पडीक म्हणून नोंदल्या आहेत, आणि पडीक म्हणून सौरऊर्जेच्या कंपन्यांना दिल्या जाऊ लागल्या आहेत. “पडीक!” तो म्हणाला आणि जमिनीवर थुंकला.

तेव्हा मी काही माळढोक पाहिलेला नाही. अजूनही नाही.

परत आल्यावर कॉलेजच्या कचेरीत जुन्या प्रवेश-अर्जांतून त्या पोराचा पत्ता आणि एक फोन नंबर मिळाला. नंबर त्याच्या चुलत्याचा निघाला. तिथून दुसरा मिळाला. फोन हातात घेऊन मी तीन दिवस काढले हे कबूल करायला हरकत नाही. चौथ्या दिवशी लावला. त्याने आवाज ओळखला. “सर, बोला की!” म्हणाला. आता तो गावातच बी-बियाणे आणि खतांचे दुकान चालवतो. लग्न झाले, मुलगी दोन वर्षांची. मी त्याला वाळवंटात पाहिलेला पतंग सांगितला. फोनवर थोडा वेळ काही ऐकू आले नाही.

“तागावरचाच का, सर?”

“तोच. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. आणि वर्गात वाचून दाखवलं ते त्याहून चुकलं.”

“हॅ, ते काय आता,” तो म्हणाला. मग म्हणाला, “श्रावणात या, सर. आमचा ताग फुलावर असतोय.”

या श्रावणात मी गेलो. उसाआधी रानाला हिरवळीचे खत म्हणून त्याने एकरभर ताग केला होता. पिवळाधमक, माझ्या खांद्याच्या वर. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येऊन तो सगळा गाडणार होता. बांधाकडेच्या दोन ओळी तेवढ्या बियाण्यासाठी ठेवायच्या होत्या. आम्ही दोघे आत शिरलो आणि चहूकडून पांढरे पतंग उठले. दुपारचे दोन वाजले होते.

“यांच्यावर औषध मारत नाहीस?” मी विचारले.

“गाडायच्या पिकाला कशाला, सर? दुकानात मागायला येतात लोक. मी देत नाही.” त्याने अलगद एक पतंग चिमटीत धरला आणि माझ्यापुढे केला. पतंगाच्या मानेपाशी पिवळसर फेस आला. मी चष्मा वर सरकवून मिशा पाहिल्या. त्याने सोडला तसा तो दोन हात जाऊन पुन्हा तागावरच बसला.

बांधावर त्याच्या आईने चहा आणला होता. तो पिताना त्याने विचारले, “सर, ती माझी वही आहे का हो तुमच्याकडं? निबंधाची?”

“नाही रे. दरवर्षी रद्दीत जातात त्या.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “अक्षर लई वाईट होतं माझं.”